डागोबाला कुणी घासत नाही

मोरसांडच्या टेकडीच्या पायथ्याशी, जिथून पायऱ्या सुरू होतात तिथे, वज्र्यांचा एक ढीग आहे. वज्री म्हणजे टाचा घासायची, तीच. काळ्या दगडाच्या, पितळेच्या, भाजक्या मातीच्या, आणि अलीकडे बाजारात मिळणाऱ्या निळ्या-गुलाबी प्लास्टिकच्यासुद्धा. ढीग गुडघ्याएवढा उंच आहे आणि दरवर्षी चैत्रात थोडा वाढतो. नवख्या माणसाला वाटते, गावाने कचरा टाकायला बरी जागा शोधली. मग टेकडीवरच्या देवाचा गुरव हणमंता, वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पहिल्याच पायरीवर बसकण मारतो आणि म्हणतो, "आधी ऐकून घ्या, मग चढा. वर माझ्यानं बोलवत न्हाई."

वर आहे तरी काय? छप्पर नाही, कळस नाही. उघड्यावर माणसाच्या छातीएवढी एक उभी शिळा, आणि तिच्यावर डागच डाग. पांढरे, राखाडी, फिकट हिरवे, मधूनच हळदीसारखे पिवळे. जुन्या भिंतीचा चुना जागोजाग उरावा तसे ते दिसतात, पण नखाने खरवडले तर नख तुटते, डाग सुटत नाही. दगडाशी इतके एकजीव झालेले असतात, की दगड कुठे संपला आणि डाग कुठे सुरू झाला ते बोटाला कळत नाही. एकदा कॉलेजातल्या एक बाई भिंग घेऊन आल्या होत्या. दोन तास शिळेसमोर उकिडव्या बसल्या आणि मग म्हणाल्या, हे जिवंत आहे, याला शैवाक म्हणतात, आणि हे वर्षाला तांदळाच्या कणीएवढेसुद्धा वाढत नाही. हणमंता म्हणाला, जिवंत आहे ते आम्हाला ठाऊक आहे, आमचा देवच आहे तो. बाई हसल्या. वहीत त्यांनी काय लिहिले ते त्यांनाच माहीत.

या देवाला शेंदूर लावत नाहीत, तेल घालत नाहीत, आंघोळ घालत नाहीत. जत्रेला टाक्यातले एक तांब्याभर पाणी वरून सोडतात, तेवढेच. त्याचे कारण ठकू.

ही गोष्ट किती जुनी, ते हणमंताला सांगता येत नाही. तो बोटे मोडून पिढ्या मोजू लागतो आणि सातव्या-आठव्या बोटाशी कंटाळतो. त्या काळी देवाला डागोबा म्हणत नसत, माळोबा म्हणत. आणि देवाला तोंड होते. कुणा पाथरवटाने कोरलेले, साधेच, पण नीट: दोन वाटोळे डोळे, सरळ नाक, मिटलेले ओठ, बाजूला कान. लोक सांगतात, माळोबा बघायचा तो थेट गावातल्या टाक्याकडे. टेकडीखाली खडकात खोदलेले ते टाके अजून आहे. साऱ्या गावाचे पाणी तेव्हा त्यातलेच.

एका वर्षी पाऊस लांबला. दिवाळीपर्यंत ढग हटेनात. पाऊस उलगडल्यावर लोक वर गेले तर देवाच्या अंगावर डाग. आधी कपाळावर एक, मग गालावर, मग खांद्यावर. आणि त्याच हिवाळ्यात ठकूच्या लेकीच्या, साळूच्या कोपरावर पांढरा ठिपका उठला. साळू तेव्हा सात वर्षांची. ठिपका कोपरावरून मनगटावर आला, मग ओठाच्या कडेला, मग डोळ्याभोवती. तो रोग नाही, त्याने कुणी मरत नाही, तो कुणाला लागत नाही, हे आज शाळेतले पोरही सांगेल. तेव्हा कुणी सांगितले नाही. गावाने दोन्हीकडचे डाग बघितले आणि त्यांची सांगड घातली.

पारावर बैठक बसली. रायाजी पाटील वाईट माणूस होता असे हणमंता म्हणत नाही. घाबरलेला होता, असे म्हणतो. पाटील म्हणाला, "देव डागाळला म्हनून पोर डागाळली, का पोरीमुळं देव, ते मला कळत न्हाई. पन देव सोच्छ झाल्याबिगर ह्या पोरीनं टाक्याला हात लावायचा न्हाई."

ठकू पाराच्या खाली उभी होती, साळूला पदराआड घेऊन. नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेलेला, दीर वेगळा राहणारा. तिच्या बाजूने बोलायला तिच्याशिवाय कुणी नव्हते. ती म्हणाली, "मी करते देव सोच्छ."

"आन् न्हाई झाला तर?" पाटलाने विचारले.

"हुईस्तवर घासते."

तिथेच देवाला नवस बोलला गेला असे सांगतात. तुझ्या अंगावर डाग ठेवणार नाही, तू माझ्या पोरीच्या अंगावर ठेवू नकोस. मोठा नवस नाही. कोंबडे नाही, बकरे नाही. फक्त घासायचे.

टाक्यावर न जाणे म्हणजे काय, हे नळ सोडणाऱ्या माणसाला समजायचे नाही. गावातल्या मुली पाण्याला जायच्या म्हणजे गावात असायच्या. हसणे तिथे, भांडणे तिथे, कुणाचे कुठे जमले ते कळणे तिथे. साळूला घराबाहेर तहान लागली तर कुणीतरी वरून ओंजळीत पाणी सोडायचे, तेही हात लांब ठेवून. सात-आठ वर्षांच्या पोरीला ते लगेच कळते. ती पाणी मागेनाशी झाली. घरच्या घागरीपर्यंत कोरड्या घशाने चालत यायची.

ठकूचा दिवस असा. तांबडे फुटायच्या आत टाक्यावरून दोन घागरी घरच्या. मग तिसरी घागर डोक्यावर, कमरेला काथ्या, राख आणि वज्री, की चालली टेकडीवर. तेव्हा पायऱ्या नव्हत्या, घसरडी मुरमाड वाट होती. वर पोचली की आधी राखेने चोळायचे, मग काथ्याने, आणि काथ्याला दाद न देणारे डाग वज्रीने. डाग हट्टी. आज कपाळावरचा गेला असे वाटावे तर पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा फिकट कडा. मग खाली उतरून लोकांच्या शेतावर मजुरी. आणि संध्याकाळी पोर.

हे सांगताना हणमंता जरा थांबतो. कुणा वैदूने ठकूला बावची सांगितली होती. बावचीचे बी भिजत घालायचे, वाटायचे, डागावर लावून उन्हात बसायचे. मजुरीवरून आली की ठकू साळूला अंगणात उतरत्या उन्हात बसवायची. बावचीने कातडी तापायची, लाल व्हायची, फोड यायचे. फोड बसला की ठकू कापडाने पुसून बघायची, रंग आला का. आला नाही तर पुन्हा लेप. साळू रडायची आणि ठकू म्हणायची, "थोडं सोस गं. थोडं राह्यलंय." सकाळी देव घासायचा, संध्याकाळी पोर. तिच्या मनात दोन्ही एकच काम होते.

माया नव्हती असे कुणी म्हणू नये. मायाच होती. माया दमली की तिचा हात कसा चालतो, ते ज्याने केले आहे त्याला माहीत.

दर चैत्रात जत्रा. पाटील, पंच आणि गुरव वर यायचे, डाग बघायला. गुरवाचे नाव धाकलू, हणमंताचा मूळपुरुष. हणमंता हे नाव घेताना मान खाली घालतो, मुद्दाम नव्हे, सवयीने. ठकूने महिनाभर आधीपासून जीव काढलेला असायचा. शिळा कोरडी, काळी, चकचकीत. पाटील हाताने चाचपून बघायचा, मान हलवायचा. ठकू पदर सावरून पुढे यायची. मग धाकलू गुरव अभिषेकाचा तांब्या उचलायचा, पाणी वरून सोडायचा, आणि शिळा भिजली की डाग वर यायचा.

त्या डागांची रीतच तशी आहे. कोरडे असताना ते दगडात दडून बसतात. पाणी पडले की हिरवट उजळतात, आतून कुणी दिवा धरल्यासारखे. जत्रेला आलात तर बघा, दिसेल. ठकूलाही ते माहीत होते. तीही घासल्यावर पाणी टाकून बघायची. पण नऊ वर्षांत एकदाही असा चैत्र आला नाही, की गुरवाच्या पाण्याखाली एखादा ठिपका निघाला नाही. मागच्या बाजूला, बगलेत, कानाच्या पाळीखाली. धाकलूची नजर बारीक. तो बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्यो बघा." एवढेच दोन शब्द. पाटील सुस्कारा टाकायचा, लोक नारळ फोडून खाली उतरायचे, आणि ठकू काथ्या गोळा करायची.

नऊ वर्षे. पहिल्या वर्षी तिने घासले ते जिद्दीने. तिसऱ्या वर्षी रागाने. पाचव्या वर्षानंतर राग धरायचेही त्राण उरले नाही, तेव्हा नुसतीच घासत राहिली. हाताची बोटे वाकडी झाली, वाकडीच राहिली. टेकडी चढताना आता ती तीन ठिकाणी बसायची. बाया म्हणायच्या, ठकू, सोड आता. त्याच बाया पाण्याला गेल्या की साळूसाठी टाक्यावर जागा करीत नसत. तेव्हा त्यांच्या म्हणण्याला ठकू मान हलवायची आणि घागर उचलायची.

नवव्या वर्षी जत्रेला आठ दिवस उरले असताना ठकूचा गुडघा सुजला. घागर घेऊन चढवेना. तेव्हा साळू म्हणाली, मी येते. ती आता सोळा वर्षांची होती. नऊ वर्षांत टेकडीवर एकदाही गेली नव्हती, कारण देवासमोर तिने जायचे नाही असे न सांगताच ठरलेले. त्या दिवशी ती गेली. टाक्यावरचे पाणी ठकूने भरले, घागर साळूने वाहिली. वाटेत ठकू तीनदा बसली आणि साळू घागर डोक्यावर ठेवूनच उभी राहिली.

वर पोचल्यावर ठकूने वज्री काढली. कानाच्या पाळीखाली शेंगदाण्याएवढा एक डाग उरला होता. सगळ्या शिळेवर तेवढाच. आठ दिवसांत तो जाणार, हे तिला हाताच्या सवयीने कळत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. ती घासायला वाकली.

साळूने देव लहानपणी पाहिलेला. ती शिळेसमोर गेली, बराच वेळ बघत राहिली, मग तिने हात पुढे करून शिळेच्या तोंडावरून फिरवला. आणि म्हणाली, "आये, ह्याचं डोळं कुठं गेलं?"

ठकूला आधी समजलेच नाही. "कसलं डोळं?"

"देवाचं. नाक बी न्हाई."

ठकू पुढे आली. नऊ वर्षे ती रोज या तोंडासमोर बसली होती आणि नऊ वर्षे तिने डागांशिवाय काही बघितले नव्हते. डोळ्यांच्या जागी गुळगुळीत दगड. नाकाच्या जागी किंचित उंचवटा, ओठांच्या जागी काहीच नाही. कपाळ, गाल, हनुवटी, सगळे एकसारखे सपाट, पाट्यासारखे; बाजूचे कान तेवढे उरलेले. राख आणि काथ्या आणि वज्री, रोज थोडे थोडे.

ठकूने हातातली वज्री खाली ठेवली म्हणे. मग ती खाली बसली. ती जिथे बसली तो दगड अजून दाखवतात.

रडली का? हणमंता म्हणतो, रडायला अंगात काही लागते, तिच्यात नव्हते. ती साळूच्या हाताकडे बघत होती. कोपरावर, मनगटावर, जिथे जिथे पांढरे होते तिथे बावचीने जाळलेली कातडी सुरकुतलेली, काळपट. ओठाची कड ओढल्यासारखी. सोळा वर्षांच्या पोरीचा हात साठ वर्षांच्या बाईसारखा झाला होता, आणि तो डागांनी झाला नव्हता.

"लई दुखतं का गं?" तिने विचारले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारले.

साळू म्हणाली, "डाग न्हाई दुखत, आये. बावची दुखती."

मग दोघी तिथेच बसल्या, ऊन वर येईपर्यंत. पाण्याची घागर भरलेलीच राहिली. उठताना साळूने विचारले, "आन् त्यो कानाखालचा?" ठकू म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्याला."

जत्रेच्या दिवशी सगळे वर आले. शिळा कोरडी, काळीभोर. पाटलाने हात फिरवला आणि त्याचा चेहरा उजळला. नऊ वर्षे त्यालाही काही गोड नव्हती गेली, असे हणमंता सांगतो. धाकलूने पाणी सोडले. कानाच्या पाळीखाली शेंगदाण्याएवढा हिरवा डाग उजळला. धाकलूने बोट ठेवले.

"ह्यो बघा."

"हाय," ठकू म्हणाली. "ठिवलाय मी त्यो."

लोक वळून बघू लागले. ठकू मोठ्याने बोलली नाही. नऊ वर्षे टेकडी चढून तिच्यात मोठा आवाज उरलाच नव्हता, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसून ऐकावे लागले. ती म्हणाली, "गुरवा, डाग दावलास. आता देवाचं डोळं दाव."

धाकलूचे बोट कानाखालून निघाले आणि गालावरून वर सरकले. डोळ्यांच्या जागी आले, थांबले, मग इकडे गेले, तिकडे गेले. सापडायला तिथे काही नव्हते. ते बोट दगडावर आंधळ्यासारखे फिरताना साऱ्या गावाने पाहिले.

पाटील म्हणाला, "डोळं कुनी काढलं?"

"म्या काढलं," ठकू म्हणाली. "तुमच्या सांगन्यावरनं. नऊ वर्सं तुमी समदी हितं डाग बघाया आलासा. तोंडाकडं कुनी बघितलं? म्या बी न्हाई बघितलं. देव घासून घासून आंधळा केला. आता पोर न्हाई घासायची. मी दमले."

एवढे बोलून तिने रिकामी घागर उचलली, साळूचा हात धरला आणि टेकडी उतरू लागली. गाव मागे. वाद कुणी घातला नाही. देवाचे तोंड गेले होते आणि ते जाताना आपण प्रत्येकजण समोरच उभे होतो, हे ज्याचे त्याला कळत होते. दुष्काळ पडेल, रोगराई येईल, या भीतीपेक्षाही ती शरम मोठी होती असे म्हणतात.

टाक्याशी पोचल्यावर ठकू काठावर बसली. तिने घागर साळूकडे दिली. साळूने दोर लावला, घागर आत सोडली. नऊ वर्षांनी. लोक टाक्याभोवती उभे. घागर बुडाल्याचा आवाज आला, मग दोर ओढल्याचा. साळूने घागर काठावर ठेवली, ओंजळ भरली आणि आधी आईला पाजले, मग स्वतः प्याली.

तेव्हा पाटलाची बायको पुढे झाली. नऊ वर्षे ती या टाक्यावर येत होती आणि नऊ वर्षे गप्प होती. तिने आपली कळशी साळूच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "माजा खांदा दुखतोय गं. मला बी येक वढून दे."

साळूने ओढून दिली.

पुढे साळूचे डाग गेले का? गेले नाहीत. वाढले. म्हातारपणी ती अंगभर पांढरी होती म्हणे, आणि गावात बाळंतपणाला आधी बोलवायची ती सुईण तीच. तुमच्यासमोर बसलेला हा हणमंता ज्या वंशातला, त्या वंशाची दोन पोरे तिच्या हातावर जन्मली.

आणि देवाला त्यानंतर घासायला कुणी हात लावला नाही. डाग हळूहळू परतले. गावही तोपर्यंत थकले होते, कुणी मोजत बसले नाही. ठकू मात्र वर जात राहिली. रोज नाही, गुडघा जसा जाऊ देईल तशी. हातात काही न घेता जायची, आपल्या दगडावर बसायची, दम खायची, उतरायची. एका पावसाळ्यानंतर तिला दिसले, की डाव्या डोळ्याच्या जागी एक राखाडी डाग वाटोळा भरून आला आहे, मध्ये काळा ठिपका. तिने साळूला बोलावून दाखवला. पाथरवटाने केला होता तसाच नव्हे, थोडा मोठा, थोडा तिरका, पण डोळाच. दुसरा डोळा भरलेला तिने बघितला नाही. तो साळूने बघितला, तेव्हा साळूचे केस पिकले होते. नाकाचा लांबट पांढरा पट्टा त्यानंतर दोन पिढ्यांनी. ओठ अजून व्हायचे आहेत. उजव्या कोपऱ्यात पिवळी कड धरली आहे. हणमंता लहान होता तेव्हा ती नखाएवढी होती, आता बोटाच्या पेराएवढी आहे. पुरी झालेली आपण बघणार नाही, असे तो सांगतो, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार दिसत नाही.

आजही वर जाणारी बाई आपली वज्री पायथ्याशी ठेवून जाते. नवी नवरी माहेरची वज्री आणून ठेवते. लेकराच्या अंगावर जन्मापासूनचा लासा असो, भाजल्याचा व्रण असो, कोड असो, ते लेकरू डागोबाला टेकवतात आणि काही मागत नाहीत. जत्रेचे पाणी सोडताना गुरव एका हाताने तांब्या धरतो आणि दुसरा हात पाठीमागे बांधून ठेवतो, बोट दाखवायला मोकळा राहू नये म्हणून. धाकलूच्या मुलापासून ही रीत. पाणी पडले की डाग उजळतात, आणि दगडातून ते अर्धे तोंड टाक्याकडे बघू लागते.

मग बाया ठकूच्या दगडावर बसतात, एका वेळी एक. दगड मध्ये खोलगट झाला आहे, नीट बसता येते. कुणी शेतावरून आलेली, कुणी शहरातून गाडीने आलेली. खाली स्वयंपाक खोळंबलेला असतो, पोरे रडत असतात, गाडीवाला भोंगा वाजवत असतो. पण दगडावर बसलेल्या बाईला मोरसांडात कुणी "चला" म्हणत नाही. नवरा नाही, सासू नाही, गुरव नाही. बाकीच्या उन्हात उभ्या राहतात. ती तिचा दम खाते, आणि उठायचे तेव्हा आपली आपण उठते.